पौषातली बॅचलरेट: कोल्हापुरात, आठ जणींची, निवांत

माझ्या मावसबहिणीचं लग्न फेब्रुवारीत होतं. डिसेंबरात तिनं पुण्यातून फोन केला आणि सांगितलं, बॅचलरेट करायची असेल तर कर, पण गोवा नको, पब नको, तो 'ब्राईड टू बी'वाला पट्टा अंगावर घालून मला फिरवायचं नाही आणि आठच्या वर बायका नकोत. आणि कोल्हापुरातच कर. ती पुण्याला नोकरीला आहे, तिच्या ऑफिसातल्या पोरींच्या बॅचलरेट तिनं बघितल्यात, सकाळी अकरापासून रात्री दोनपर्यंत टाईमटेबल, प्रत्येक ठिकाणी ड्रेस वेगळा, आणि नवरी शेवटी बाथरूममध्ये जाऊन पाय चोळत बसलेली. तिला म्हणे नुसतं बसायचं होतं.

मला वाटलं सोपं आहे. घर आहे, गाव आपलं आहे, करून टाकू. पण कोल्हापुरात असलं काही ठरवायला बसलं की कळतं की इथं तयार पॅकेज वगैरे भानगड नाही, फुगे लावून देणारे आहेत, केक आहे, हॉटेलचा हॉल मिळतो, पण तो सगळा मामला वाढदिवस आणि बारशाचा. एका ठिकाणी फोन केला तर त्यानं विचारलं 'कितव्या महिन्यात आहेत ताई?' त्याला ते डोहाळजेवण वाटलं. मी पण खुलासा न करता फोन ठेवला.

पहिला अडथळा आला तो तारखेचा. मोठी मावशी, म्हणजे नवरीची आई, म्हणाली, "पौष हाय गं, पौषात केळवण करत न्हाईत." खरंय, पौषात आपल्याकडे लग्नाचं काही काढत नाहीत, केळवणं पण लोक एकतर आधी उरकतात नाहीतर माघावर ढकलतात. पण माघ लागला की पंधरा दिवसांत लग्न, तेव्हा नवरीला श्वास घ्यायला वेळ नसतो. मग मी मावशीला म्हटलं, मावशी, हे केळवण नव्हेच, ह्याला मुहूर्त नाही, ओटी नाही, आहेर नाही, मैत्रिणी जमणार आणि जेवणार. ती म्हणाली "मग करा की, मला कशाला इचारताय." एवढी परवानगी आम्हाला बास होती. आणि पौषाचा फायदा असा की सगळं मोकळं असतं, मेंदीवाली एका फोनवर मिळाली, माघ-फाल्गुनात तिच्या मागं महिनाभर लागावं लागतं. वर संक्रांत नुकतीच झालेली, त्यामुळे बायका कुठं तरी जमणार ह्यात कुणाला काही वेगळं वाटत नाही. पुण्याच्या एका मैत्रिणीचं नवीन लग्न झालेलं, तिनं सासूबाईंना 'कोल्हापूरला हळदीकुंकू आहे, राहूनच येते' असं सांगितलं आणि सासूबाईंनी वर तिळाच्या वड्या बांधून दिल्या.

वीकेंड निवडताना एक गोष्ट लक्षात ठेवा, बाहेरगावच्या लोकांना ही कळत नाही. 26 जानेवारीच्या आसपास सुट्टी जोडून आली की अंबाबाईच्या दर्शनाला अख्खा महाराष्ट्र येतो, मग जानेवारी संपता संपता किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो, तेव्हा मावळतीला देवळाच्या बाजूला फिरकायलाच नको. रूम मिळत नाही, रिक्षा मिळत नाही, महाद्वार रोडला चालता येत नाही. आम्ही त्याच्या आधीचा शनिवार-रविवार धरला.

जागेवर बराच काथ्याकूट झाला. सगळ्यांचं पहिलं नाव पन्हाळा. वीसेक किलोमीटर, थंड हवा, बंगला घ्यायचा, रात्री शेकोटी. मी जाऊन बघून आले पण. बंगला चांगला होता, पण शनिवार-रविवारचा दर वेगळा, जेवण त्यांचंच घ्यायचं, आणि तिथला माणूस मला दोनदा म्हणाला 'नुसत्या लेडीजच का? जेन्ट्स कोणच न्हाई?' आता त्यात त्याचं वाईट काही नसेल, पण रात्री बारा वाजता गाणी म्हणत बसायचं आणि मनात तो प्रश्न, हे मला नको होतं. शिवाय वहिनीचं पोरगं चौदा महिन्यांचं, रात्री त्याला काही झालं तर वाघबीळचा घाट उतरून खाली यायचं. पन्हाळा कट.

शेवटी धाकट्या मावशीचं राजारामपुरीतलं घर ठरलं. मोठी गच्ची आहे, वरच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या, शेजार चांगला. धाकटी मावशी आम्हा सगळ्या भाचरांची लाडकी. काका जाऊन सहा वर्षं झाली, मुलगा बंगळूरला. तिला मी म्हटलं घर दे आणि तूपण ये. ती म्हणाली, "मी कशाला गं तुम्हा पोरींच्यात, मी खाली झोपतो, तुम्ही वर घाला दंगा." पण नवरीनं सांगितलं होतं की मावशी नसेल तर मी पण नाही. म्हणून मग मी एक ठरवलं: हळदीकुंकू ठेवायचं नाही. पुण्याच्या पोरी हौसेनं वाण आणतो म्हणत होत्या, त्यांना फोनवरच सांगितलं की वाण सगळ्यांना द्या, गजरा सगळ्यांना, तिळगूळ सगळ्यांना, कुंकू लावायचा कार्यक्रम नाही. का ते सांगावं लागलं नाही, त्यांना कळलं. माझ्या मते सगळ्या प्लॅनिंगमध्ये हा फोन सगळ्यात महत्त्वाचा होता आणि त्याला दोन मिनिटं लागली.

तर आठ जणी म्हणजे नवरी, मी, धाकटी मावशी, पुण्याच्या दोघी, मुंबईची एक, वहिनी (प्लस पोरगं) आणि आमची मामेबहीण जी अजून इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ह्या यादीकडं नीट बघितलं ना तर अर्धं प्लॅनिंग तिथंच होतं. पोरगं आहे म्हणजे दुपारची झोप सांभाळायची. मामेबहीण कमवत नाही म्हणजे माणशी खर्च असा ठेवायचा की तिला आईकडं हात पसरायला नको. मावशीचे गुडघे दुखतात म्हणजे चढणं-उतरणं नको. मुंबईची शुद्ध शाकाहारी, ती अंडंपण खात नाही. मी आधी 'काय काय करायचं' ह्याची यादी केली होती, रील बघून बघून, पॉटरी आणि काय काय, ती फाडली आणि ह्या माणसांवरून परत केली, तर त्यात तीनच गोष्टी राहिल्या.

पैशाचं पण सांगते कारण ह्याच्यावरच मैत्रिणी तुटतात. मी आधीच ग्रुपवर आकडा टाकला, माणशी 1,500, त्याच्या वर एक रुपया कुणी मागणार नाही, नवरी आणि मावशी सोडून सहा जणींनी भरायचे. मामेबहिणीला मी वेगळा मेसेज केला की तू पाचशे दे आणि मेंदीवालीला आणणं-सोडणं तुझ्याकडं. ग्रुपवर हे कुणाला सांगितलं नाही, उरलेले हजार मी टाकले. सगळे पैसे आठवडाभर आधी जीपेवर आले पाहिजेत हे पण सांगितलं, कारण नंतर मागायला गेलं की आपणच सावकार दिसतो. प्रवासखर्च ज्याचा त्याचा.

प्रवासावरून आठवलं. मुंबईची महालक्ष्मी एक्सप्रेसनं सकाळी आली, तिचं काही नाही, येऊन झोपली. पुण्याच्या दोघी कारनं. वंदे भारत पुण्याहून आठवड्यातून तीनच दिवस सुटते आणि शनिवार त्यात नव्हता. सातारा ते कोल्हापूर हायवेचं काम चालू, कधी चार तास लागतात कधी सहा, म्हणून मी ठरवलं की शनिवारी दुपारी तीनच्या आधी काहीच ठेवायचं नाही. जेवण नाही, केक नाही, काही नाही, ज्याला भूक लागेल त्यानं पोहे खायचे. त्या दोघी अडीचला पोचल्या, आणि कुणी कुणाला 'कुठं पोचलात' असा फोन केला नाही.

आता मेन गोष्ट, गुऱ्हाळ.

जानेवारी म्हणजे उसाचा हंगाम, आणि कोल्हापूरला येऊन कॅफेत बसायचं हे मला पटत नव्हतं. नवरीच्या बाबांच्या ओळखीचं एक गुऱ्हाळघर करवीर तालुक्यात, शहरापासून अर्ध्या तासावर. हल्ली गुऱ्हाळं कमी होत चाललीत, ऊस कारखान्याला जातो, माणसं मिळत नाहीत, त्यामुळे चालू गुऱ्हाळ बघायचं तर ओळख काढून, आदल्या दिवशी फोन करून, आदण कधी उतरणार ते विचारूनच जायचं. आदण म्हणजे एका काहिलीचा, म्हणजे रस आटवायच्या मोठ्या कढईचा, घाणा. रस काहिलीत पडल्यापासून गूळ होईपर्यंत काही तास लागतात, आणि बघण्यासारखा तो शेवटचा अर्धा-पाऊण तास. आधी गेलं तर नुसता धूर आणि फेस बघत उभं राहायचं. आम्हाला मालकांनी सांगितलं साडेचारला या, तेवढ्याला गेलो.

खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं टाकत एक माणूस बसलेला, वर ती अवाढव्य काहील, आणि गुळव्या तिच्या कडेला. गुळव्याचं काम भारी असतं. मळी काढून झालेली, त्यासाठी रानभेंडीचा चिकट रस घालतात, आणि मग तो रस घट्ट होत येतो तसा रंग बदलतो, बुडबुडे मोठे होतात, आणि तो माणूस थर्मामीटर नाही काही नाही, थोडासा पाक गार पाण्यात सोडून बोटांनी दाबून बघतो आणि ठरवतो की आता. पुण्याची एक आयटीवाली त्याला विचारायला लागली की किती डिग्रीला काढता, तो म्हणाला, "डिग्री मला न्हाई बाई, माझ्या पोराला हाय." आम्ही सगळ्या फुटलो, तो पण हसला.

काकवी गूळ होण्याच्या आधीच बाजूला काढतात, ती गरम गरम वाटीत दिली, त्यात शेंगदाणे टाकून खाल्ली. मग काहील वाफ्यात ओतली, चार माणसं लागतात, सगळीकडं वाफ आणि तो वास केसांत जाऊन बसला तो सोमवारपर्यंत गेला नाही. उसाचा रस आलं-लिंबू घालून. नवरी एका पोत्यावर बसली, हातात वाटी, आणि तासभर उठली नाही. आम्हाला कुणी 'चला आता पुढचं' म्हणायला नव्हतं. धाकटी मावशी मालकांच्या आईशी गप्पा मारत बसली आणि त्यांचं कुठलं तरी लांबचं नातं निघालं, जे निघणारच होतं.

जाणार असाल तर दोन-चार गोष्टी. ओढणी घट्ट बांधा किंवा नकोच, काहिलीच्या कडेला लोंबतं काही चालत नाही, लहान पोरांना आत न्यायचंच नाही, आमचं पोरगं वहिनी आणि मी आळीपाळीनं बाहेर उसाच्या ट्रॉलीजवळ सांभाळत होतो. लेडीज टॉयलेट नसतं, मालकांच्या घरी जावं लागतं, ते आधी विचारून ठेवा. पांढरे कपडे नकोत. आणि ते एंट्री फी घेत नाहीत, विचारलं तर रागावतात, म्हणून गूळ आणि काकवी भरपूर घ्या. आम्ही प्रत्येकीनं एक एक ढेप आणि बाटली घेतली, तेच रिटर्न गिफ्ट झालं, वेगळं काही आणायची गरज पडली नाही.

जेवणाचा घोळ असा की शनिवार. आमच्याकडं बुधवार, शुक्रवार, रविवार मटणाचे, शनिवारी निम्म्या घरात खात नाहीत. आणि बाहेरून आलेल्या पोरींना तांबडा-पांढरा नाही मिळाला तर कोल्हापूरला आलोच कशाला म्हणणार. म्हणून शनिवारी रात्री सगळं शाकाहारी, अख्खा मसूर, भरली वांगी, ज्वारीची भाकरी, खर्डा, दही, आणि मटण रविवारी दुपारी. भाकरी करून देणाऱ्या एक ताई आहेत गल्लीत, त्यांना ऑर्डर. माझा एकच नियम होता की मावशीनं गॅससमोर उभं राहायचं नाही, कारण घरच्या कार्यक्रमात हमखास हेच होतं, पार्टी सगळ्यांची आणि एक बाई रात्रभर पोळ्या लाटतीय.

रात्री गच्चीवर सतरंज्या, गाद्या, शेजारच्या काकूंकडनं आणलेल्या उशा. फुगे नाहीत, झेंडूच्या माळा आणि दिवाळीतल्या लायटिंगच्या माळा. दारूचा विषय निघाला होता, दोघींना वाईन हवी होती, नवरी पीत नाही आणि मावशीच्या घरात नको म्हणून ती चर्चा तिथंच संपली. मुंबईच्या बाईनं मात्र मी ग्रुपवर टाकलेल्या प्लॅनमध्ये 'रात्री 10: कॉकटेल' वाचून मनात मांडे खाल्ले होते. आमच्याकडं कॉकटेल म्हणजे आईस्क्रीम, फळं, जेली घातलेला ग्लास. तिला सोळंकीचं नेऊन दिलं तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता, मग दुसरा ग्लास तिनंच मागितला.

खेळ मी दोनच ठेवले. एक म्हणजे नवरदेवाला आधी फोन करून वीसेक प्रश्न विचारून रेकॉर्ड केलं होतं, तिला पहिल्यांदा काय बोललास, तिचं काय आवडत नाही वगैरे, आणि नवरीनं त्याचं उत्तर ओळखायचं. 'काय आवडत नाही'ला त्यानं पावणेदोन मिनिटं विचार केलाय, ती शांतता आम्ही तीनदा वाजवली. दुसरा खेळ म्हणजे प्रत्येकीनं नवरीचा एक जुना फोटो आणायचा आणि त्याची गोष्ट सांगायची. लाज काढायचे खेळ, चिठ्ठ्या, 'डेअर', असलं काही नाही, मावशी आणि वहिनी समोर असताना ते जमत नाही आणि खरं सांगू, त्या नसत्या तरी मला ते आवडत नाही. मेंदी चालू होती, मेंदीवालीपण गप्पांत घुसली. अकराच्या पुढं मावशीनं आपणहून मंगळागौरीतली गाणी सुरू केली, गुडघे दुखतात म्हणणारी बाई उभी राहून पिंगा घालायला लागली, आणि पुण्याच्या दोघींना एक पण गाणं येत नव्हतं तर त्यांना तिनं शिकवलं. खालच्या काकू गॅलरीतून ओरडल्या, आम्हाला वाटलं तक्रार आहे, तर त्या म्हणत होत्या, "अगं ते कडवं चुकलंय." मग त्यापण वर आल्या. आठाच्या नऊ.

फोटोचा नियम केला होता: रविवार रात्रीपर्यंत स्टेटस नाही, इन्स्टा नाही. ह्याचं कारण छोटं गाव. सासर इचलकरंजीचं, पाऊण-एक तासावर, आणि तिथल्या कुणाची तरी मावशी इथं राहते, कुणाचा तरी भाऊ इथल्या कॉलेजात. मी केक सांगायला गेले तर दुकानदार म्हणाला, "तुम्ही अमक्यांची पोरगी न्हवं का? लगीन कुणाचं?" संध्याकाळपर्यंत ही बातमी आईच्या योगाच्या ग्रुपवर. लपवण्यासारखं काही नव्हतंच, पण गच्चीवर कसंही बसताना, नाईटीत नाचताना, कुणीतरी बघतंय असं वाटलं की मजा जाते. नियम सगळ्यांनी पाळला, मुंबईचीनं गुऱ्हाळाचा एक टाकला तेवढा, त्यात आम्ही नव्हतो, गुळव्या होता.

नणंदेला बोलवायचं की नाही ह्यावर पण दोन मतं होती. रात्रीला नाही, पण रविवारी सकाळी मिसळीला बोलवलं, हा मधला मार्ग नवरीनंच काढला. फडतरेंकडं रविवारी रांग असते, पण रांगेतच ओळखी झाल्या, ब्रेड आणि कट आला तोवर नणंद आमच्या पार्टीत आलेली होती आणि आपल्या भावाच्या भानगडी सांगत होती. आमच्या रेकॉर्डिंगपेक्षा तिच्याकडं जास्त माल निघाला.

मटण एका खानावळीत आधी सांगून ठेवलेलं, किलोच्या हिशेबात करून देतात, सुकं, तांबडा, पांढरा सगळं. दर आता सातशेच्या पुढं गेलाय. 2019 ला ह्याच मटणाच्या दरावरून कोल्हापुरात आंदोलन झालं होतं, पुण्याच्या पोरींना ते खोटं वाटत होतं. दुपारी डबे उघडले तोच मोठी मावशी दारात, हातात पातेलं. "तुमच्या त्या खानावळीचा पांढरा पाणचट असतो." पौषात काही करायचं नाही म्हणणाऱ्या बाईनं पहाटे उठून नारळाचं दूध काढलं होतं. ती बसली, जेवली, मुंबईच्या पोरीला बघून परत घरी फोन करून तिच्यासाठी दोडक्याची भाजी मागवली, आणि चारला सगळ्या आपापल्या वाटेनं.

हिशेब: सहा जणींचे मिळून 9,000 जमले. मेंदी, भाकरीवाल्या ताई, मटण, आईस्क्रीम, फुलं, केक, गूळ-काकवी, दोन रिक्षा आणि पेट्रोल जाऊन 740 उरले. ते मावशीकडं भांडी घासायला येणाऱ्या मावशींना दिले, त्यांना दोन दिवस डबल काम पडलं होतं. सोमवारी नवरदेवाच्या मित्राचा मेसेज, गुऱ्हाळवाल्याचा नंबर द्या, आम्हालापण पोरांना न्यायचंय. मी नंबर दिला आणि लिहिलं की आदण उतरायच्या वेळेला जा आणि पांढरे शर्ट घालू नका. घातले होते म्हणे.